हळिंगळेकाकांची हयात

आमच्या कॉम्प्युटरचे अँटिव्हायरस श्री. सिद्राम हळिंगळे यांचं आयुष्य येत्या एकतीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता संपवण्यात येईल, असं कंपनीचं पत्र बारा मार्चला टपालानं आलं.

मी ते दोनदा वाचलं. मी शैलजा कोठावळे, मिरजेत लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी आणि छपाई करण्याचं दुकान चालवते. कुठलाही कागद हातात आला की मला आधी चुका दिसतात आणि मग मजकूर. या पत्रात एकही चूक नव्हती. वेलांट्या जागच्या जागी, पूर्णविरामानंतर नेमकी एक मोकळी जागा. त्यामुळे मजकूर कळायला मला थोडा उशीर लागला.

हळिंगळेकाका अकरा वर्षं माझ्या खुर्चीशेजारी, सीपीयूला लागून ठेवलेल्या स्टुलावर बसून होते. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, वर्षाचा हवा की आजीवन. मी आजीवन म्हटलं. दुसऱ्या दिवशी खोक्यात एक सीडी आली आणि सीडीबरोबर काका आले. राखाडी सफारी, खिशात चिमटा, हातात झाकणाची पितळी डबी. गिऱ्हाइकानं आणलेला पेन ड्राइव्ह आधी काकांच्या हातात द्यायचा, असा आमचा नियम होता. ते तो नाकाजवळ नेत, डोळे मिटत आणि सांगत, "तीन आहेत." मग चिमट्यानं तीन विषाणू काढून डबीत टाकत. गिऱ्हाईक ओशाळलं तर म्हणत, "तुमचा दोष नाही. फोटो स्टुडिओतून लागले असतील." शनिवारी डबी रिकामी करत.

खंडेनवमीला आई प्रिंटरला, कटिंग मशीनला आणि काकांना हळदकुंकू लावायची. काका मान पुढे करून लावून घ्यायचे. ते जेवत नसत, चहा मात्र वासापुरता जवळ ठेवून घेत. माझे वडील गेले त्या वर्षी दुकान पंधरा दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा काका स्टुलावर तसेच बसलेले होते, अंगावर धूळ. "कोणी आलं नाही," ते म्हणाले. मला तेव्हा फार आधार वाटला होता. तो आधार आता एका कागदानं काढून घेतला जात होता.

मी पत्र त्यांच्यापुढे धरलं. "काका, हे बघितलंत?"

"सोमवारीच कळवलं मला वरून," ते म्हणाले. त्यांनी डबी घासून लख्ख करून ठेवली होती. "लगीनसराई तोंडावर आलीय, म्हणून तुम्हाला बोललो नाही. त्या जाधवांच्या पत्रिकेत मुहूर्ताची वेळ तेवढी बघा, दोन ठिकाणी वेगळी पडलीय."

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एका मुलीनं उचलला.

"आजीवन योजना बंद झाली आहे, मॅडम. आता सगळं वार्षिक आहे."

"असू दे की. नव्या लोकांना वार्षिक द्या. मी आजीवन आधीच घेतलेलं आहे."

"हो मॅडम, म्हणूनच. कंपनी दिलेला शब्द मोडत नाही. आजीवन सेवा आम्हाला मध्येच थांबवता येत नाही. ती आयुष्य संपल्यावरच संपते."

"मग?"

"मग आयुष्य संपवावं लागतं."

दुधाची पिशवी संपली, दुपारी या, असं सांगावं इतक्या सहज तिनं ते सांगितलं. मी विचारलं, "आणि वार्षिक घेतलं तर?"

"एक एप्रिलला नवा रक्षक येईल, मॅडम. एकदम ताजा. वर्षभर राहील."

"वर्षानंतर?"

"दुसरा येईल."

"आणि पहिला कुठं जाईल?"

"त्याचं वर्ष झालेलं असेल ना, मॅडम," ती म्हणाली आणि या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल, असं विचारलं. मी एक दिला. तिनं आभार मानले.

रात्रीच्या जेवणाला मी हे आईला सांगितलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरीण होती. घास तोंडात असताना ती बोलत नाही. घास संपल्यावर म्हणाली, "दाखला काढू."

"कसला?"

"हयातीचा. मी दर नोव्हेंबरात काढते तो. बँकेनं शिक्का मारून लिहून दिलं की हा माणूस जिवंत आहे, की मग त्याला मेलेला म्हणायची कुणाची टाप आहे बघू."

तिच्या या उपायात मला काहीही खोट दिसेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षानं बँकेत गेलो. काका अकरा वर्षांत पहिल्यांदाच दुकानाबाहेर पडत होते. रस्त्यातल्या प्रत्येक माणसाकडे संशयानं बघत होते.

पेन्शनच्या टेबलावर कुरणे म्हणून अधिकारी होता. चौथीत आईच्या वर्गात होता, त्यामुळे तिला बघून उभा राहिला.

"बाई, हयातीचे दाखले नोव्हेंबरात असतात. आता मार्च आहे."

"म्हणजे मार्चमध्ये माणसं जिवंत नसतात का रे?"

"असतात, बाई. पण त्याची नोंद नसते."

"मग कर नोंद. नोव्हेंबरातले फॉर्म शिल्लक असतीलच की."

कुरणेनं कपाटातून फॉर्म काढला. पेन्शनचा प्रकार या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. जन्मतारखेच्या ठिकाणी सीडीवर छापलेली तारीख घातली. मग पेन खाली ठेवून त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, "आपण जिवंत आहात का?"

"तपासून सांगतो," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

दहा मिनिटं लागली. मागं रांग वाढली, पण कोणी कुरकुर केली नाही. काकांनी डोळे उघडले. "आहे. काही आक्षेपार्ह आढळलं नाही."

कुरणेनं शिक्का मारला. तीस नोव्हेंबरपर्यंत वैध. शिक्क्याचं पॅड उघडंच ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमचाही करून टाकू का? शाई ओली आहे तोवर."

मला हसू आलं. "मला कशाला?"

दाखल्याची प्रत मी रजिस्टर पोस्टानं कंपनीला पाठवली. उत्तर आलं नाही. आई म्हणाली, उत्तर नाही म्हणजे गप्प बसले. मलाही तसंच वाटलं. जाधवांच्या पत्रिका छापून गेल्या, आणखी सहा लग्नं आली, काकांनी डबी पुन्हा भरायला घेतली.

एकतीस तारखेला साडेचार वाजता एक गृहस्थ आले. चपला बाहेर काढून आत आले आणि त्यांनी ओळखपत्र दाखवलं. निरंजन भागानगरे, परवाना समाप्ती अधिकारी. आईनं पाणी दिलं. ते बसून, सावकाश पाणी प्यायले. मग बॅगेतून आमचा दाखला काढला.

"हा मिळाला. अगदी व्यवस्थित आहे. अशी कागदपत्रं हल्ली बघायला मिळत नाहीत." त्यांनी त्यावर 'ग्राह्य' असं लिहून सही केली. "श्री. हळिंगळे तीस नोव्हेंबरपर्यंत जिवंत आहेत. अभिनंदन."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. आई चहा टाकायला उठली.

"आता तुमचं बघू," भागानगरे म्हणाले.

"माझं काय?"

त्यांनी करार काढून नवव्या कलमावर बोट ठेवलं. ग्राहक किंवा रक्षक यांपैकी ज्याचं आयुष्य आधी संपेल, ते संपेपर्यंत हा परवाना अमलात राहील. "आम्ही नेहमी रक्षकाचंच संपवतो, मॅडम. ग्राहकाला तोशीस नको, असं कंपनीचं धोरण आहे. पण तो रस्ता तुम्हीच बंद केलात. आज पाच वाजता आजीवन खातं बंद व्हायला हवं. दोघांपैकी एकाचं आयुष्य संपल्याचं मला नोंदवावं लागेल. तुमचा दाखला आहे का?"

मी आधार कार्ड काढून दिलं.

"यावरून तुम्ही कोण आहात ते कळतं. तुम्ही आहात की नाही, ते कळत नाही."

मतदार ओळखपत्र दिलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. "याबद्दल न बोललेलं बरं."

आई दुकानामागच्या आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, माझ्या डोळ्यांसमोर बसलीय ती. मी जन्म दिलाय तिला."

"ते जन्माबद्दल झालं, बाई. त्याबद्दल कंपनीचा वाद नाही."

आईनं कुरणेला फोन लावला. चौथ्या खेपेला लागला. "बाई, आज क्लोजिंग आहे," तो कळवळून म्हणाला, "बाहेरच्या कुणाला आत घेत नाहीत. उद्याही बंद असतं. परवा नक्की करतो."

मी भागानगरेंना म्हटलं, "मी वार्षिक घेते. आत्ता, या क्षणी घेते."

"घ्या की. स्वागतच आहे. पण आधीचं खातं बंद झाल्याशिवाय नवं उघडत नाही."

तेवढ्यात काका स्टुलावरून उठले. बँकेचा तो दिवस सोडला तर मी त्यांना दुकानात उठून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. "साहेब, माझा दाखला मागं घ्या. माझं संपवा."

"काढलेला दाखला मागं घेता येत नाही, हळिंगळे. तीस नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला जिवंत राहावंच लागेल. बसा."

काका बसले. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल आणि हे सगळं थांबेल. कोणी हसलं नाही. भागानगरेंनी एक छापील कागद माझ्यासमोर ठेवला. "चार छप्पन झालेत. ही सही आत्ताच करा. पाचनंतर तुमची सही चालणार नाही."

इथं माझ्या हातून चूक झाली आणि ती माझ्या धंद्यानं केली. एकवीस वर्षं मी रोज प्रूफं तपासते. कागद समोर आला, मी लाल पेन उचललं, नाव तपासलं, पत्ता तपासला, वय तपासलं, सत्तेचाळीस. आयुष्यसमाप्ती या शब्दातला उकार आणि वेलांटी तपासली. कुठंही चूक नव्हती. मजकूर बरोबर आहे म्हणून मी खाली सही केली. मान वर केली तेव्हा आई माझ्याकडे असं बघत होती की तसं तिनं कधीही बघू नये.

पाच वाजले. काही दुखलं नाही. भागानगरेंनी चहा घेतला, मला हात जोडले, "वाईट झालं," म्हणाले आणि चपला घालून गेले.

एक तारखेला सकाळी मी दुकान उघडलं, तर समोरचे झेरॉक्सवाले पाटोळे रस्ता ओलांडून आले. "फार वाईट झालं हो तुमचं. कालपर्यंत चांगल्या होतात." मी त्यांचे आभार मानले. दोन तारखेला बँकेत कुरणे मला बघून उभा राहिला, पण त्यानं फॉर्म काढला नाही. "ताई, जो नोंदीनं जिवंत आहे त्यालाच हयातीचा दाखला देता येतो. परवा पाचच्या आत हवं होतं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याच्यानं तिथं थांबवेना.

दुकानात काकांना माझ्या खुर्चीत बसावं लागलं, कारण गेलेल्या माणसाकडून पत्रिका करून घ्यायला गिऱ्हाइकं तयार नव्हती. अपशकुन, म्हणत. मी स्टुलावर बसून त्यांना फॉन्ट सांगायची. निधनाचं कार्ड मात्र मीच जुळवलं. दुसऱ्या कुणावर सोडलं असतं तर चुका राहिल्या असत्या. 'अल्पशा आजाराने' हे शब्द मी काढले आणि तिथं 'कराराने' असं घातलं. खोटं छापायची मला सवय नाही.

कार्ड जुळवताना कंपनीचा तो कागद पुन्हा हातात आला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हरकत असल्यास दहा दिवसांत, योग्य पुराव्यासह. मी भागानगरेंना फोन लावला. योग्य पुरावा म्हणजे काय, विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो. शिवला नाही, असं गुरुजींनी लिहून दिलं, तर मॅडम, तुम्ही गेलेल्या नाहीत असा अर्थ काढता येईल. मी स्वतः शिफारस करीन."

या माणसानं मला पहिल्यांदाच काहीतरी दिलं होतं. मी आईला सांगितलं, काकांना सांगितलं. इच्छा अपुरी राहिली की कावळा शिवत नाही, हे कुणाला माहीत नाही? आणि माझी इच्छा तर चांगलीच अपुरी होती. फक्त एक सांभाळायचं होतं. घाटावर अशा वेळी माणसं हात जोडून पिंडाला वचनं देतात, तुझ्या पोरांचं बघतो, तुझं घर सांभाळतो, म्हणजे कावळा येतो. तसं कोणी काहीही बोलायचं नाही. आईनं मान हलवली. काकांनी तर ओठच मिटून घेतले.

नऊ एप्रिलला सकाळी आम्ही कृष्णाघाटावर गेलो. करणारं कोण, असं गुरुजींनी विचारलं. काका म्हणाले, "अकरा वर्षं शेजारी बसलोय." गुरुजींना ते पुरलं. पिंड मांडला. शेजारी पानावर भडंग ठेवलं, मला आवडतं म्हणून. ते मीच जाऊन आणलं होतं.

गुरुजींना मी सगळं सांगितलं होतं. भला माणूस. "बारापर्यंत बघू," ते म्हणाले, "नाही शिवला तर लिहून देतो. त्यात काय आहे." त्यांनी वही आणि पेन काढून मांडीवर ठेवलं. मग पद्धत म्हणून मला विचारलं, "काही इच्छा राहिलीय का?"

"मला जगायचंय," मी म्हटलं.

"ते सोडून?"

"ते सोडून काही नाही."

कावळे पुष्कळ होते. पायऱ्यांवर, भिंतीवर, नावेच्या टोकावर. एक उडत उडत पिंडाजवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत गेला. दहा वाजले. अकरा वाजले. आणखी एक आला, तो भडंगाकडेही न बघता गेला. माझं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की इतकं जिवंत मला कधीच वाटलं नव्हतं. शेजारच्या पिंडाला कावळा शिवला, ती माणसं अंघोळ करून निघूनही गेली. पावणेबारा झाले. गुरुजींनी वहीत तारीख लिहिली. माझं नाव लिहिलं. नाव बरोबर लिहिलं होतं.

ऊन चटचटत होतं. मी डोक्यावर पदर घेऊन उघड्या पायरीवर उभी होते. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. आईनं माझ्याकडे बघितलं. ती शहात्तर वर्षांची आहे आणि मी तिची एकुलती एक आहे. लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे नेताना जवळ यायची तशी ती जवळ आली, तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "शैला, काही मनात ठेवू नकोस गं. मी आहे, काका आहेत. सगळं नीट होईल."

भिंतीवरचा कावळा सरळ खाली आला आणि त्यानं पिंडाचा घास घेतला.

काकांनी डोळे मिटले. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि कोणाकडेही न बघता वही पिशवीत घातली. आईनं माझा हात सोडला आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ती पिंडाला काही बोललीच नव्हती, मलाच बोलली होती. खरं सांगायचं तर तिचं ते बोलणं ऐकून मला फार बरं वाटलं होतं.